'लागण' म्हणजे रोग की लागवड? सांगोल्यात दोन्ही!

'यंदा डाळिंबाची लागण झाली.' हे वाक्य मुंबईच्या वाचकाला वाटेल रोगाची बातमी. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यात मात्र कुणी सहज विचारेल, 'किती एकर?' कारण पश्चिम महाराष्ट्रात लागण म्हणजे लागवडही. उसाची 'आडसाली लागण' तुम्ही ऐकलीच असेल.

अर्थ कसा ओळखायचा?
'ची' कोणत्या शब्दाला लागलाय ते बघा. 'डाळिंबाची लागण' म्हणजे लागवड. 'डाळिंबाला तेल्याची लागण' म्हणजे रोग. 'ची' रोगाच्या नावाला लागला की अर्थ बदलतो. 2020 मध्ये घरोघरी पोहोचलेली 'कोरोनाची लागण' याच नियमातली.

जवळचे दोन शब्द
संसर्ग: मूळ संस्कृत अर्थ संपर्क, सहवास. आज तो संपर्कातून रोगजंतू पसरण्यासाठी वापरतात. 'संसर्गजन्य' हा शब्द त्यातूनच आला.
प्रादुर्भाव: मूळ अर्थ प्रकट होणे. रोग आणि कीड, दोन्हींसाठी चालतो. किडीसाठी 'लागण'पेक्षा हाच शब्द नेमका.

फरक कळून फायदा काय?
सांगोल्याच्या डाळिंब बागांना त्रास देणारे तीन शत्रू वेगवेगळे आहेत. तेल्या हा जिवाणूमुळे होतो. पानांवर, फळांवर तेलकट डाग पडतात, म्हणून हे नाव. मर रोगामागे प्रामुख्याने जमिनीतली बुरशी असते आणि झाड वाळत जातं. पिन होल बोरर हा तर खोडाला बारीक भोकं पाडणारा भुंगेरा. तिघांवरचे उपाय वेगळे. त्यामुळे 'बागेला लागण झालीय, हे मारा' असा मेसेज आला, तर आधी विचारा: कशाची लागण? नाव कळल्याशिवाय औषध ठरवलं, तर पैसे जातात आणि रोग तसाच राहतो.

दोन्ही अर्थ एकत्र येतात तेव्हा
तेल्याचे जिवाणू वाऱ्या-पावसाच्या थेंबांतून आणि छाटणीच्या कात्रीतून पसरतात. रोगट झाडावर बांधलेल्या गुटीतूनही ते नव्या बागेत पोहोचतात. म्हणूनच रोगमुक्त रोपांचा आग्रह धरला जातो. रोपं रोगट निघाली, तर लागणीच्या दिवशीच लागण झालेली असते. त्यामुळे रोपं घेताना दराआधी ती कुठल्या बागेतली आहेत, हे विचारा.