अतिशयवाचक क्रियाविशेषणे, इंग्रजी लेखनातील
विशेषणाने दर्शविलेल्या गुणाची तीव्रता वाढविणारे शब्द. मराठीतील ‘फार’, ‘अतिशय’, ‘अगदी’ आणि इंग्रजीतील ‘व्हेरी’, ‘अ‍ॅब्सोल्यूटली’, ‘अटर्ली’ हे शब्द या वर्गात मोडतात. ज्या विशेषणाच्या अर्थातच गुणाची पराकोटी सामावलेली असते, उदा., ‘परफेक्ट’, ‘सुप्रीम’, ‘एक्सलंट’, त्यास असा शब्द जोडावा की नाही, हा व्याकरणकारांच्या वादाचा जुना विषय आहे.

प्राचीन इंग्रजीत ‘बलपूर्वक’ या अर्थाचा ‘स्विदे’ हा शब्द या कामी येई. मध्ययुगात त्याची जागा ‘फुल’ने घेतली. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या ‘व्हेरी’चा मूळ अर्थ ‘खरा’ असा होता. सोळाव्या शतकापर्यंत तो तीव्रतादर्शक म्हणून रूढ झाला. वापराने अशा शब्दांची धार बोथट होते व नवे शब्द पुढे येतात. एकोणिसाव्या शतकात ‘ऑफुली’, ‘टेरिब्ली’ यांतील भीतीचा अर्थ असाच लोपला. बोलण्यातील ‘भयंकर सुंदर’ हा मराठी प्रयोगही याच जातीचा होय.

रॉबर्ट लाउथ याने १७६२ च्या आपल्या व्याकरणात दुहेरी तमभाव अशुद्ध ठरविला. मात्र ईश्वराला उद्देशून आलेला ‘मोस्ट हायेस्ट’ हा प्रयोग त्याने औचित्यपूर्ण मानला. लिंडली मरे याने १७९५ मध्ये ‘परफेक्ट’, ‘सुप्रीम’ इ. विशेषणांना तर-तमभाव जोडणे अयोग्य असल्याचा नियम दिला. संस्कृत परंपरेची भूमिका निराळी आहे. पाणिनीने अतिशयार्थी ‘तमप्’ व ‘इष्ठन्’ हे प्रत्यय सांगितले; परंतु ‘इष्ठन्’ लागून सिद्ध झालेल्या ‘श्रेष्ठ’ शब्दास पुन्हा ‘तम’ जोडून झालेले ‘श्रेष्ठतम’ हे रूप यजुर्वेदात आढळते आणि काशिकावृत्तीने त्याचे समर्थन केले आहे.

दादोबा पांडुरंग यांनी १८३६ मध्ये इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठी व्याकरण रचले. तरीही मराठीचा स्वभाव कायम राहिला. ‘उत्तम’ हा शब्द मूळचा तमभावाचा असूनही मराठीत तो साध्या विशेषणासारखा वावरतो व ‘अतिशय उत्तम’ कोणास खटकत नाही. त्याचे शब्दशः इंग्रजी रूपांतर ‘व्हेरी एक्सलंट’ मात्र सदोष गणले जाते. अर्ज, प्रबंध वा उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचे गुण व कधी पतही अशा बारकाव्यावर अवलंबून राहिली आहे.

क्वर्क, ग्रीनबॉम, लीच व स्वार्तविक यांच्या १९८५ च्या व्याकरणात पराकोटी दर्शविणारी आणि केवळ मात्रा वाढविणारी क्रियाविशेषणे वेगळी केली आहेत. ‘कोल्ड’ला ‘व्हेरी’ व ‘फ्रीझिंग’ला ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ शोभते, ते या भेदामुळे. शिवाय जोड्या रूढीने ठरतात. ‘अटर्ली’ बहुधा अनिष्ट गुणांसोबतच येते. काळाकुट्ट, पांढराशुभ्र, हिरवागार, लालभडक या शब्दांतील उत्तरपदे अदलाबदल सहन करीत नाहीत, हे जाणणाऱ्या मराठी भाषकास हे तत्त्व परके नाही. इंग्रजीतील जोड्या मात्र त्यास वाचनातूनच आत्मसात कराव्या लागतात.