लिलावाआधीची पारख : नवोदित खेळाडू कसे जोखले जातात

शंकर नगर (रायपूर) : ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर महिन्यात ‘ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल’ या तेथील लोकप्रिय खेळाच्या राष्ट्रीय लीगचा ड्राफ्ट होतो. त्याच सुमारास भारतात इंडियन प्रीमियर लीगच्या (आयपीएल) लिलावासाठी नवोदित क्रिकेटपटूंच्या याद्या तयार होत असतात. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच असतो : अठरा-वीस वर्षांचा मुलगा पुढील पाच वर्षांत काय होईल, हे आज कसे ओळखायचे? त्याचे उत्तर शोधण्याच्या पद्धती मात्र वेगळ्या आहेत आणि त्या फरकाची झळ छत्तीसगडसारख्या क्रिकेटमध्ये उशिरा दाखल झालेल्या राज्यांतील खेळाडूंना अधिक बसते.

छत्तीसगडशी संबंधित दोन क्रिकेटपटूंच्या बाबतीत तर लिलावात प्रश्न गुणवत्तेचा नव्हे, नावाचा निर्माण झाला.

दुर्ग येथे जन्मलेला डावखुरा फलंदाज हरप्रीत सिंग भाटिया २०१७ मध्ये सय्यद मुश्ताक अली ट्वेंटी-२० स्पर्धेच्या आंतरविभागीय टप्प्यात मध्य विभागाकडून खेळताना सर्वाधिक धावा करणारा फलंदाज ठरला होता. त्यानंतर २० फेब्रुवारी २०१७ रोजी बंगळुरूत लिलाव झाला. नेमक्या त्याच दिवशी मुंबईत दुसऱ्या एका क्रिकेटपटूला झालेल्या अटकेची बातमी आली आणि नावातील साधर्म्यामुळे काही माध्यमांनी ती हरप्रीतच्या नावावर खपवली. हरप्रीतवर त्या दिवशी कोणीही बोली लावली नाही. बोली न लागण्यामागे ती बातमीच होती, हे सिद्ध करणे शक्य नाही; पण फॉर्मात असलेल्या फलंदाजाकडे दहा दिवसांपूर्वी लागलेल्या नजरा अचानक का वळल्या, याचे दुसरे समाधानकारक कारणही पुढे आले नाही. पुढे तो छत्तीसगडकडून खेळू लागला. डिसेंबर २०२२ मधील लिलावात पंजाब किंग्जने त्याला ४० लाख रुपयांना घेतले आणि २०२३ मध्ये, २०१२ नंतर जवळपास ११ वर्षांनी, तो पुन्हा आयपीएलच्या सामन्यात उतरला.

दुसरे उदाहरण भिलाई येथे जन्मलेल्या शशांक सिंगचे. १९ डिसेंबर २०२३ रोजी दुबईत झालेल्या लिलावात पंजाब किंग्जने त्याच्यासाठी २० लाखांची बोली लावली. हातोडा पडल्यानंतर आपण भलत्याच खेळाडूला घेतल्याची शंका संघाच्या टेबलावर व्यक्त झाली. परंतु लिलाव पुकारणाऱ्या मल्लिका सागर यांनी व्यवहार पूर्ण झाल्याचे सांगितले. यादीत एकाच नावाचे दोन खेळाडू असल्याने गोंधळ झाला आणि योग्य खेळाडूच संघात आला, असा खुलासा संघाने नंतर केला. ४ एप्रिल २०२४ रोजी अहमदाबादमध्ये गुजरात टायटन्सविरुद्ध २०० धावांचा पाठलाग करताना शशांकने २९ चेंडूंत नाबाद ६१ धावा करून सामना जिंकून दिला. पुढील हंगामापूर्वी पंजाबने केवळ दोन खेळाडू कायम ठेवले. त्यांत ५ कोटी ५० लाख रुपयांना शशांक होता.

शशांक तेव्हा नवोदित नव्हता. त्याने वयाची ३२ वर्षे पूर्ण केली होती. तो मुंबईच्या क्रिकेटमधून छत्तीसगडकडे आला होता आणि आयपीएलमध्येही आधी खेळला होता. तरीही त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा टेबलावरील मंडळींना चेहरा आठवावा लागला. जो मुलगा अजून एकही हंगाम खेळलेला नाही, त्याच्याविषयी त्या टेबलावर किती माहिती असेल, याची कल्पना यावरून करता येते.

ड्राफ्ट म्हणजे काय?

ड्राफ्टमध्ये पैशांची बोली नसते. संघांना निवडीचे क्रमांक मिळतात आणि मागील हंगामात तळाला राहिलेल्या संघाला सर्वसाधारणपणे पहिला क्रमांक मिळतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये राष्ट्रीय ड्राफ्टची सुरुवात १९८६ मध्ये झाली. सध्या लीगमध्ये १८ क्लब आहेत. त्या वर्षाअखेरीस १८ वर्षे पूर्ण करणारे खेळाडू ड्राफ्टसाठी पात्र ठरतात. म्हणजे बहुतेक निवडी शाळेचे शेवटचे वर्ष संपवणाऱ्या मुलांच्या असतात.

निवडीपूर्वी क्लबांचे निरीक्षक वर्ष-दीड वर्ष या मुलांचे सामने पाहतात. व्हिक्टोरियातील १८ वर्षांखालील लीग आणि राज्यांच्या संघांमधील राष्ट्रीय स्पर्धा यांवर त्यांचा मुख्य भर असतो. ऑक्टोबरमध्ये निवडक खेळाडूंना एकत्रित चाचणी शिबिरासाठी बोलावले जाते. तेथे २० मीटर धाव, जागेवरून आणि धावत येऊन घेतलेली उंच उडी, दिशा बदलण्याची चपळाई आणि दोन किलोमीटर धाव यांची मोजणी होते. त्या खेळात २० मीटर अंतर २.९ सेकंदांत कापणारा मुलगा वेगवान समजला जातो. याशिवाय वैद्यकीय तपासणी होते आणि क्लबांचे प्रतिनिधी मुलाखती घेतात. घरची परिस्थिती, अभ्यास, पराभवानंतरचे वागणे असे प्रश्न त्यांत असतात. मुलगा घर सोडून दुसऱ्या राज्यात टिकेल का, हाही विचार होतो, कारण क्लब निवडण्याचा अधिकार त्याला नसतो.

इतकी यंत्रणा असूनही अंदाज चुकतात. २००१ चा ड्राफ्ट यासाठी आजही आठवला जातो. त्यात पहिल्या क्रमांकावर ल्यूक हॉज, दुसऱ्यावर ल्यूक बॉल आणि तिसऱ्यावर ख्रिस जड निवडला गेला. जडच्या खांद्यांच्या जुन्या दुखापतींची चर्चा तेव्हा होती. पुढे त्याने लीगमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे ब्राउनलो पदक दोनदा, २००४ आणि २०१० मध्ये, पटकावले. हॉजची निवड चुकीची होती असे कोणी म्हणणार नाही. त्याने चार विजेतेपदे मिळवली. खरी चूक आणखी खाली झाली. सॅम मिचेलला २००० च्या ड्राफ्टमध्ये कोणीच घेतले नव्हते. तो पुरेसा वेगवान नाही, असे मानले जात होते. २००१ मध्ये हॉथॉर्न क्लबने त्याला ३६ व्या क्रमांकावर घेतले. तोही ब्राउनलो पदकाचा मानकरी आणि चार विजेतेपदांचा धनी ठरला. घड्याळाने मोजलेला वेग खरा होता. चेंडू कुठे येणार हे आधी ओळखण्याची त्याची क्षमता घड्याळात मावत नव्हती.

आयपीएलमधील ड्राफ्ट

आयपीएलनेही एकदा ड्राफ्टचा मार्ग वापरला होता. २००८ मध्ये पहिल्या हंगामापूर्वी १९ वर्षांखालील विश्वविजेत्या भारतीय संघातील खेळाडूंची विभागणी लिलावातून न करता ड्राफ्टमधून करण्यात आली. दिल्लीच्या संघाने स्थानिक विराट कोहलीऐवजी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान याला पसंती दिली आणि कोहली बंगळुरूकडे गेला. दिल्लीकडे तेव्हा नामवंत फलंदाज पुरेसे होते, त्यामुळे गोलंदाज निवडणे तर्काला धरून होते. संघाची त्या हंगामातील गरज आणि खेळाडूची पुढील पंधरा वर्षे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. महाराष्ट्राच्या मातीतील खेळांपैकी अल्टिमेट खो-खो लीगने २०२२ मध्ये पुण्यात झालेल्या पहिल्या हंगामासाठी ड्राफ्टचीच पद्धत स्वीकारली. क्रिकेट मात्र लिलावाकडे वळले ते कायमचे.

लिलावात क्रमांकाऐवजी पैसा बोलतो. खेळाडू आपल्या राज्य संघटनेमार्फत नोंदणी करतात, फ्रँचायझी त्यांतील नावे सुचवतात आणि अंतिम यादी तयार होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथील मोठ्या लिलावासाठी १,५७४ खेळाडूंनी नोंदणी केली. त्यांपैकी ५७४ जणांची पहिली यादी जाहीर झाली आणि अखेर १८२ जणांना संघ मिळाले. भारतीय संघाकडून न खेळलेल्या खेळाडूची किमान मूळ किंमत या लिलावापासून २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली.

निरीक्षक काय पाहतात?

पहिली नजर देशांतर्गत सामन्यांवर असते. २०१३ मध्ये मुंबई इंडियन्सचे तत्कालीन प्रशिक्षक जॉन राइट यांनी मुश्ताक अली स्पर्धेत गुजरातच्या जसप्रीत बुमराहला पाहिले. त्याची वेगळी धाटणी आणि अचूक यॉर्कर त्यांच्या लक्षात राहिला. एप्रिलमध्ये बुमराहने आयपीएल पदार्पणात ३२ धावांत तीन बळी घेतले. प्रथम श्रेणीतील पदार्पण त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, विदर्भाविरुद्ध झाले. रणजी आधी आणि आयपीएल नंतर, हा क्रम येथे उलटा झाला होता. मार्च २०२५ मध्ये केरळच्या वरिष्ठ संघाकडून एकही सामना न खेळलेल्या विघ्नेश पुथूर या फिरकीपटूने याच संघाकडून पदार्पणात तीन बळी घेतले. दिलेल्या धावाही योगायोगाने ३२ च होत्या. त्याला निरीक्षकांनी राज्यातील टी-२० लीगमध्ये हेरले होते. मुंबईच्या शोधपथकात माजी यष्टिरक्षक किरण मोरे यांचाही अनेक वर्षे सहभाग होता.

दुसरा टप्पा चाचणी शिबिरांचा. येथे नुसते नेटमधील फटके पाहिले जात नाहीत, तर सामन्यातील प्रसंग उभा केला जातो : इतके चेंडू, इतक्या धावा, क्षेत्ररक्षण असे. राजस्थान रॉयल्सने नागपूरला घेतलेल्या चाचणीत बिहारच्या वैभव सूर्यवंशीसमोर एका षटकात १७ धावांचे लक्ष्य ठेवण्यात आले आणि त्याने तीन षटकार मारले, असे त्याच्या वडिलांनी माध्यमांना सांगितले होते. राजस्थानने १३ वर्षांच्या वैभवला १ कोटी १० लाख रुपयांना घेतले. २८ एप्रिल २०२५ रोजी जयपूरमध्ये त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकले. याच संघाने नागपूरजवळील तळेगाव येथे प्रशिक्षण केंद्र चालवले असून यशस्वी जैस्वाल तेथे घडला. या केंद्रामुळे विदर्भ आणि शेजारच्या मुलुखातील मुलांच्या वाटेवर एक मोठा दरवाजा उभा राहिला, हे मान्य करावे लागेल.

शारीरिक क्षमतेच्या चाचण्या भारतीय क्रिकेटमध्ये तुलनेने उशिरा आल्या. यो-यो चाचणी २०१७ पासून चर्चेत आली. २०२१ मध्ये भारतीय संघासाठी दोन किलोमीटर धावही जोडली गेली. वेगवान गोलंदाजांना ८ मिनिटे १५ सेकंद आणि फलंदाजांना ८ मिनिटे ३० सेकंदांची मर्यादा होती. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये याच अंतरासाठी चांगल्या मुलांकडून सहा मिनिटांच्या आसपासची अपेक्षा असते. दोन खेळांच्या गरजा वेगळ्या असल्याने ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. वेगवान गोलंदाजाच्या बाबतीत धावण्यापेक्षा पाठीचा कणा किती भार सोसेल, हा प्रश्न मोठा असतो. १९ वर्षांखालील विश्वचषकातील वेगामुळे कमलेश नागरकोटीला २०१८ मध्ये कोलकात्याने ३ कोटी २० लाख रुपयांना घेतले. दुखापतींमुळे त्याला पदार्पणासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले.

वय ही आणखी एक अडचण. सोळा वर्षांखालील मुलांसाठी क्रिकेट मंडळ डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय ठरवते. वयचोरी रोखणे हा त्यामागील मुख्य हेतू असला, तरी लवकर वाढलेला मुलगा आणि खरोखर कुशल मुलगा यांतील फरक ओळखण्याची गरजही त्यातून अधोरेखित होते. पंधराव्या वर्षी सहा फूट उंची असलेला गोलंदाज समवयस्कांना भारी पडतो. विसाव्या वर्षी ती उंची सर्वांकडेच असते.

किती वेळा दिसतो, हाच प्रश्न

छत्तीसगड राज्य क्रिकेट संघाला भारतीय क्रिकेट मंडळाचे पूर्ण सदस्यत्व २०१६ मध्ये मिळाले आणि २०१६-१७ च्या हंगामात मोहम्मद कैफच्या नेतृत्वाखाली राज्याचा संघ प्रथमच रणजी करंडकात खेळला. त्याआधी येथील मुलांना मध्य प्रदेशच्या किंवा अन्य राज्यांच्या संघात जागा शोधावी लागे. आता संघ स्वतःचा असला, तरी मुश्ताक अली स्पर्धेच्या गटसाखळीत एका संघाच्या वाट्याला सहा-सात सामने येतात आणि त्यांतील मोजकेच टीव्हीवर दिसतात. सहाव्या क्रमांकावर येणाऱ्या फलंदाजाला सबंध स्पर्धेत पन्नास-साठ चेंडू खेळायला मिळाले तर खूप झाले. तेवढ्यावरून त्याचा स्ट्राइक रेट काढता येतो. त्याचा भरवसा धरता येत नाही.

रायपूरच्या शंकर नगरमधील बीटीआय मैदान मेळे आणि प्रदर्शनांसाठी परिचित आहे. आंतरराष्ट्रीय सामने होतात ते शहीद वीर नारायण सिंग स्टेडियम शहराबाहेर, नवा रायपूरच्या परसदा येथे आहे. २०१३ मध्ये तेथे दिल्ली संघाचे आयपीएल सामने झाले आणि २१ जानेवारी २०२३ रोजी भारत-न्यूझीलंड हा पहिला एकदिवसीय सामना. मोठे सामने आले, तरी त्यात स्थानिक मुले प्रेक्षकांतच होती. ती मैदानात उतरावीत यासाठी २०२४ मध्ये छत्तीसगड क्रिकेट प्रीमियर लीग सुरू झाली. रायपूर, बिलासपूर, राजनांदगाव, सरगुजा, बस्तर आणि रायगड असे सहा संघ त्यात उतरले. निरीक्षकाच्या दृष्टीने अशा लीगचे मोल सरळ आहे : एकाच ठिकाणी, काही दिवसांत, साठ-सत्तर खेळाडू दबावाखाली पाहायला मिळतात.

निवड झाली म्हणजे संधी मिळाली, असेही नाही. छत्तीसगडचा अष्टपैलू अजय मंडल डिसेंबर २०२२ मध्ये २० लाखांना चेन्नई सुपर किंग्जकडे गेला. दोन हंगाम तो संघात राहिला, पण सामना खेळला नाही. त्यानंतर दिल्लीने त्याला ३० लाखांना घेतले. अमरावतीच्या जितेश शर्माची वाट आणखी लांबली. मुंबई इंडियन्सने त्याला २०१६ मध्ये १० लाखांना घेतले होते. पहिला आयपीएल सामना त्याने २०२२ मध्ये, पंजाबकडून खेळला. २०२५ च्या हंगामासाठी बंगळुरूने त्याच्यावर ११ कोटी रुपये खर्च केले आणि त्या वर्षी तो विजेत्या संघाचा यष्टिरक्षक होता. अहमदाबादमधील त्या अंतिम सामन्यात पराभूत पंजाबकडून शेवटपर्यंत नाबाद राहिलेला, ३० चेंडूंत ६१ धावा करणारा फलंदाज होता भिलाईचा शशांक सिंग.