घरच्या पान्यावर

आपल्याकडे मोटारीचा इतिहास सांगायला घेतला की संस्थानिकांच्या रोल्स रॉइसपासून सुरुवात होते. त्या गाड्यांची निगा राखायला पदरी माणसे होती. आम्हाला येथे सांगायचे आहे ते दुसऱ्या इतिहासाबद्दल. मध्यमवर्गीय घरातल्या माणसाने रविवारी सकाळी जुना सदरा घालून, हातात पाना घेऊन, अंगणात स्वतः राखलेल्या गाडीबद्दल. निमित्त आहे डोकमर्डीतील आमच्या मंडळाच्या एका कुटुंबाकडे असलेली दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. आम्ही चार-पाच सभासद काही वर्षे तिच्या दुरुस्तीत हात काळे करत आहोत.

घरी दुरुस्ती करण्याची सवय आपल्याला हौसेने लागलेली नाही, ती गरजेतून आली. जनरल मोटर्स ही अमेरिकी कंपनी १९२८ पासून मुंबईत गाड्या जुळवत असे. सुटे भाग परदेशातून यायचे, येथे जोडले जायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारने विचारले, की तुम्ही भाग येथेच बनवणार की नाही? १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर धोरण पक्के झाले. ज्यांची येथे उत्पादन करायची तयारी नव्हती त्यांनी गाशा गुंडाळला, आणि जनरल मोटर्सचा मुंबईचा कारखाना १९५४ मध्ये बंद पडला. रस्त्यावर असलेल्या हजारो शेव्हरोले, ब्युइक मात्र कुठे जाणार? त्यांच्या मालकांना भाग मिळेनात. मग चोर बाजार, कुर्ल्याची भंगाराची दुकाने, पुण्याचा जुना बाजार, आणि गल्लीतला लेथवाला यांच्या भरवशावर त्या गाड्या पुढे वीस-वीस वर्षे धावल्या. 'जुगाड' हा शब्द तेव्हा आपल्या तोंडी नव्हता, पण काम तेच होते.

याच काळात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात फियाट बनवायला घेतली. १९५४ ची ती गोलमटोल ११०० आपल्या सगळ्यांना 'डुक्कर फियाट' म्हणून आठवते. १९६४ मध्ये डिलाइट आली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेखच छापले. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांचेही नाव घेतले पाहिजे. १९४९ मध्ये त्यांनी स्वतःच्या हिमतीवर दोन माणसांची छोटी 'मीरा' गाडी बनवली आणि पुढे कितीतरी वर्षे ती सुधारत राहिले. सरकारी परवान्याच्या जंजाळात तिचे कारखान्यातले उत्पादन झालेच नाही. आपल्या भाषेत मोटारीवर जे लिहिले जाते त्यात मीरेला एक ओळ मिळते, ती दहा पानांची मानकरी आहे.

आता हेराल्ड. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने १९६१ मध्ये ती आणली. इंग्लंडातल्या ट्रायम्फ हेराल्डची ही भारतीय बहीण, आणि दोघींचे रूप मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने काढलेले. तिला 'स्पोर्ट्स कार' म्हणणे कागदावर चूक आहे. ९४८ सी.सी.चे इंजिन तिला काही फार पळवत नाही. पण १९६२ मध्ये ट्रायम्फने इंग्लंडमध्ये काढलेली खरीखुरी दोन आसनी स्पोर्ट्स कार, स्पिटफायर, ही हेराल्डचीच चेसिस आखूड करून तयार केली होती. म्हणजे हाडाचा सांगाडा तोच. आपल्या देशात स्पोर्ट्स कार बनतच नव्हत्या, आयात बंद होती. तेव्हा दोन दारांची, उंचीने ठेंगणी हेराल्ड हीच त्या पिढीतल्या तरुणांची स्पोर्ट्स कार होती. ज्याला खरी हवी होती त्याला १९९८ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी गोव्यात तयार झालेली 'सॅन स्टॉर्म' बाजारात आली, फायबरच्या अंगाची, रेनोचे ११४९ सी.सी. इंजिन असलेली. तिच्या अंगाला गंज लागत नाही एवढ्याच एका गोष्टीसाठी, आपल्या पावसात राहणाऱ्यांना तिचा हेवा वाटतो.

हेराल्ड घरी दुरुस्त करायला इतकी सोपी का, हे तिचे झाकण उघडले की कळते. बॉनेट आणि दोन्ही मडगार्ड मिळून गाडीचे संपूर्ण नाक पुढच्या बाजूला उलटते. इंजिन, पुढची चाके, स्टिअरिंग, सगळे उघडे. चाकावर बसून प्लग काढता येतात, खाली सरपटावे लागत नाही. स्टिअरिंग इतके वळते की पंचवीस फुटांत गाडी पूर्ण फिरते; आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना ते जमत नाही. पॉइंटमधली फट १५ थाऊ, टॅपेटची १० थाऊ, प्लगची २५ थाऊ. फिलर गेजच्या तीन पात्यांत निम्मे काम संपते. आटे मात्र इंची आहेत. फियाटच्या मिलिमीटरच्या पान्यांनी तिला हात लावला की नटांचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडा काढावा लागतो.

सोपी असली तरी ती भोळी नाही. पुढच्या प्रत्येक चाकाला एक उभा पोलादी खांब असतो, त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते टोक एका पितळी ठोकळ्यात फिरते. याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवले की पोलादाचे आटे पितळात फिरतात. येथे ९० नंबरचे गिअर ऑइल भरायचे असते. पण तेल घालायची जागा हुबेहूब ग्रीसच्या निपलसारखी दिसते. म्हणून वर्षानुवर्षे लोकांनी तेथे ग्रीसच भरले. ग्रीस सुकते, आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही, पावसाचे पाणी आत शिरते आणि पोलाद आतून गंजते. बाहेरून काहीच कळत नाही. मग एके दिवशी खांब तुटतो आणि चाक आडवे पडते. गाडी फाटकातून मागे घेताना हे घडले तर फक्त हसे होते. भिलाडकडे जाताना महामार्गावर घडले तर काय, हे सांगायला नको.

आमच्या या हेराल्डच्या घरी एक वही आहे. गाडी घेणाऱ्या आजोबांनी ती मराठीत, शाईच्या पेनाने लिहिली आहे. पेट्रोल किती, किती मैल झाले, पॉइंट कधी घासले, कुठल्या चाकाचे पंक्चर, सगळे तारीखवार. त्यात दर काही महिन्यांनी एक ओळ येते, 'ट्रनियनला तेल'. आजोबा गेल्यावर गाडी एका गॅरेजात जाऊ लागली आणि वहीतल्या नोंदी बंद झाल्या. गेल्या वर्षी आम्ही पुढची चाके खोलली तेव्हा दोन्ही ट्रनियनमध्ये कडक काळे ग्रीस निघाले. डाव्या बाजूचा खांब स्वच्छ करून भिंग लावून पाहिला, तर आट्यांच्या मुळाशी केसाएवढी रेघ होती. ती भेगच होती.

येथे आमच्यात वाद झाला. तो येथे नोंदवणे आम्हाला योग्य वाटते. सिल्वासाच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेले टर्नर, फिटर आपल्या मंडळात आहेत. १९८० नंतर करसवलतींमुळे येथे कारखाने आले आणि आपल्यापैकी कित्येक कुटुंबे त्यांच्याबरोबर आली. हा हात आपल्याकडे आहे, तर खांब येथेच लेथवर बनवू, असे काहींचे म्हणणे. पाण्याच्या पंपाचा शाफ्ट, गनमेटलची बुश, पेडलच्या पिना आम्ही येथेच बनवल्या आहेत आणि त्या उत्तम चालतात. पण हा खांब घणाखाली घडवलेल्या पोलादाचा असतो, सळईतून कापून काढलेला नाही. दिसायला तसाच खांब लेथवर होईल, पण माणूस गाडीत बसणार आहे. शेवटी तो इंग्लंडहून मागवायचे ठरले. आणि तेथे गंमत अशी, की स्पिटफायर तीन लाखांहून जास्त विकल्या गेल्या होत्या, त्यामुळे तिचे भाग तेथे आजही नवे बनतात. मद्रासच्या हेराल्डला तिच्या इंग्रज भावंडामुळे जीवदान मिळते. जकात आणि टपाल धरून जी रक्कम झाली ती सांगून वाचकांना दचकवत नाही.

खांब तेथून, ट्रनियनची सफाई आणि बाकी जोडणी येथे. अशी वाटणी आम्हाला पटली. जुन्या गाडीत मारुतीचे इंजिन बसवून मोकळे होण्याचा सल्लाही पुष्कळांनी दिला. पोटासाठी चालणाऱ्या टॅक्सीत तसे करणाऱ्यांना आम्ही नावे ठेवत नाही. पण हेराल्डचे इंजिन काढले की वहीतली अर्धी पाने कशाबद्दल आहेत हेच कळणार नाही.

पेट्रोलचाही प्रश्न आहे. १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले. जुन्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या बैठका शिशाच्या आधारावर टिकत, म्हणून आता हेड उघडले की कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात. त्यात आता वीस टक्के इथेनॉल आले. ते जुन्या रबराला खाते आणि हवेतले पाणी ओढते. पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरपर्यंतची नळी नवीन, इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घालावी. पावसाळ्यात गाडी चार महिने ठोकळ्यांवर उभी करायची असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये.

कागदपत्रांचा घोळ वेगळाच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून खासगी मोटारीची त्याची फी पाच हजार रुपये झाली होती. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम आणला. नव्याने नोंदवायला वीस हजार, पुढच्या वेळी पाच हजार, मुदत दहा वर्षे. आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो, ही चांगली गोष्ट. पण एकदा व्हिंटेज झाली की ती रोज चालवायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांपुरतीच बाहेर काढायची. आपल्या गाडीचे घर अजून या उंबरठ्यावर अडले आहे. नातवाला तिच्यातून कॉलेजला जायचे आहे. सन्मान घ्यावा की रस्ता, हे त्या घराने ठरवायचे.

जाता जाता एक गोष्ट. वाहनाच्या नुकसानीपायी या प्रदेशाचे भविष्य ठरल्याचे आपल्याला नवे नाही. १७७२ मध्ये मराठी आरमाराने पोर्तुगीजांचे 'सांताना' जहाज धरले. त्याच्या भरपाईत १७७९ च्या तहाने नगर हवेलीच्या गावांचा महसूल पोर्तुगीजांना देण्याचे कबूल झाले आणि १७८३ मध्ये तो मुलूख त्यांच्या हाती गेला. तो परत मिळायला १९५४ साल उजाडले. एका जहाजाची एवढी किंमत! त्या मानाने इंग्लंडहून आलेला खांब स्वस्तच म्हणायचा.

नवे खांब आता बसले आहेत. दोन्ही ट्रनियनमध्ये ९० नंबरचे तेल भरले आणि वहीत तारीख घालून ती ओळ पुन्हा लिहिली, यावेळी नातवाच्या हस्ताक्षरात. उजवीकडच्या मागच्या स्प्रिंगचे काम बाकी आहे. हेराल्डची मागची चाके झोक्यासारख्या स्वतंत्र आसांवर असतात आणि आडव्या पानपट्टीच्या स्प्रिंगवर टेकतात. खराब रस्त्यांवर त्यांची इतकी तक्रार झाली की पुढे १९७२ च्या गॅझेल मॉडेलमध्ये कंपनीने ते बदलून सरळ एकसंध आस घातला. ते खोलायचे तर मूळ पुस्तिका हवी. आमच्याकडच्या प्रतीत नेमकी तीच पाने फाटली आहेत. आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर हेराल्डची किंवा डुक्कर फियाटची पुस्तिका, इंची पान्यांचा संच, वापरात नसलेला डायनॅमो किंवा जुने पॉइंट पडले असतील, तर भंगारवाल्याला देण्याआधी मंडपात आम्हाला जरूर सांगावे. अनंत चतुर्दशीपर्यंत आम्ही रोज संध्याकाळच्या आरतीला असतोच.