धाराशिव जिल्ह्यातील वेठबिगारी आणि कायदेशीर उपाय

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात वेठबिगारीविरुद्ध दाद मागण्याचा मुख्य आधार 'वेठबिगार पद्धती (उच्चाटन) अधिनियम, १९७६' हा आहे. जून २०२३ मध्ये ढोकी पोलीस ठाण्याच्या हद्दीत विहिरी खोदण्यासाठी डांबून ठेवलेल्या ११ मजुरांची पोलिसांनी सुटका केली. पळून जाऊ नये म्हणून त्यांना साखळदंडाने बांधले जात असे, असा आरोप होता. या प्रकरणी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० (मानवी तस्करी) खाली गुन्हा नोंदवण्यात आला.

पोलिसांत गुन्हा नोंदवला जाणे आणि मजुराला वेठबिगार म्हणून मुक्तता मिळणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. मुक्तता प्रमाणपत्र महसूल प्रशासन चौकशीअंती देते. केंद्राच्या पुनर्वसन योजनेतील मदत त्यावरच अवलंबून असते. त्यामुळे केवळ सुटका होऊन गावी परतलेला मजूर या मदतीला मुकू शकतो.

जिल्ह्यातील ऊसतोड मजूर मुकादमाकडून हंगामापूर्वी 'उचल' घेतात. उचल घेणे बेकायदेशीर नाही. परंतु तिच्यापोटी काम सोडण्याचे किंवा अन्यत्र रोजगार शोधण्याचे स्वातंत्र्य हिरावले गेल्यास ती वेठबिगारी ठरू शकते. कलम ६ नुसार असे कर्ज संपुष्टात येते. ते वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार कलम १५ नुसार धनकोवर असतो. कलम १६ खाली ३ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. दंडाची मर्यादा मात्र अवघी २,००० रुपये आहे.

मजूर अद्याप डांबलेला असल्यास नातेवाइकांना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरण याचिका दाखल करता येते.