जुन्या गाडीतला नवा आवाज : मोटारीतील रेडिओपासून ब्लूटूथपर्यंत

१/ वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची एखादी मोटार आजही रस्त्यावर धावताना दिसते. इंजिन ठणठणीत, पत्रा शाबूत. पण डॅशबोर्डमधल्या स्टिरिओला खिशातला फोन ओळखता येत नाही. त्या पेटीला ब्लूटूथ जोडण्याचे पाच-सहा मार्ग आहेत आणि प्रत्येक मार्गामागे स्वतंत्र इतिहास आहे. #थ्रेड #इतिहास

२/ कथेची सुरुवात शिकागोत होते. पॉल गॅल्व्हिन यांची ‘गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन’ १९२८ मध्ये स्थापन झाली. बॅटरीवरचे रेडिओ घरातील विजेवर चालवणारे ‘बॅटरी एलिमिनेटर’ हे तिचे पहिले उत्पादन. लवकरच थेट विजेवर चालणारे रेडिओ आले, पाठोपाठ महामंदी कोसळली आणि कंपनीला नव्या वस्तूची निकड भासू लागली. ती वस्तू म्हणजे मोटारीतला रेडिओ.

३/ काम सोपे नव्हते. त्या काळच्या व्हॉल्व्ह रेडिओंना उच्च दाबाची वीज लागे, तर गाडीची बॅटरी जेमतेम ६ व्होल्टची. रस्त्याचे धक्के व्हॉल्व्हच्या नाजूक काचेला सोसवत नसत. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे स्पार्क प्लग: प्रत्येक ठिणगी स्वतः एक छोटा रेडिओ प्रक्षेपक असे आणि गाण्याच्या जागी स्पीकरमधून कडकडाट ऐकू येई.

४/ जून १९३० मध्ये अटलांटिक सिटी येथे रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन भरले. गॅल्व्हिन यांच्याकडे तेथे दालन नव्हते. त्यांनी आपल्या स्टुडबेकर मोटारीत रेडिओ बसवला, गाडी अधिवेशनाजवळ उभी केली आणि आवाज वाढवला. येणारेजाणारे थबकले आणि मागण्या नोंदवल्या गेल्या. ‘मोटर’ या शब्दाला त्या काळी लोकप्रिय असलेला ‘ओला’ हा प्रत्यय लावून नाव ठरले : मोटोरोला. १९४७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले.

५/ युरोपात १९३२ मध्ये जर्मनीच्या ‘ब्लाउपुंक्ट’ने मोटारीसाठी ‘ऑटोसुपर एएस ५’ हा रेडिओ आणला. त्याची किंमत एका मोटारीच्या किमतीच्या जवळपास एक तृतीयांश होती. कंपनीचे मूळ नाव ‘इडियल’. तपासणीत उत्तीर्ण झालेल्या हेडफोनवर निळा ठिपका लावला जाई; ग्राहक ‘निळा ठिपका’ मागू लागले आणि तेच कंपनीचे नाव झाले. पुढे गाडीच्या आवाजाच्या इतिहासात ‘निळा दात’ही अवतरला. हा निव्वळ योगायोग.

६/ रेडिओ गाडीत येताच वाद सुरू झाला. संगीतामुळे चालकाचे लक्ष विचलित होते, त्याला झोप येते, अशी तक्रार अमेरिकेत १९३० च्या दशकातच होऊ लागली. काही ठिकाणी गाडी चालवताना रेडिओ लावण्यावर बंदीचे प्रस्तावही आले. बंदी टिकली नाही. पण ‘चालकाचे लक्ष नेमके कोणाच्या मालकीचे’ हा प्रश्न तेव्हापासून गाडीत बसला आहे.

७/ पुढचे टप्पे भराभर आले. ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हची जागा घेतली. १९६३ मध्ये फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट सादर केली. या संशोधनाचे नेतृत्व लू ओटन्स यांनी केले होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅसेट गाडीत शिरली. प्रवासात कोणते गाणे लागावे, हे आता केंद्राऐवजी प्रवासी ठरवू लागला.

८/ या कथेचा खरा नायक मात्र कोणी संशोधक नाही. तो आहे डॅशबोर्डमधला एक आयताकृती खाचा : रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५० मिलिमीटर. जर्मन मानक संस्थेने म्हणजे ‘डिन’ने ठरवलेले हे माप पुढे ‘आयएसओ ७७३६’ या नावाने आंतरराष्ट्रीय झाले. दुकानदार आजही ‘सिंगल डिन’ म्हणतो, तेव्हा तो नकळत या मानकाचाच उल्लेख करत असतो.

९/ त्याच धर्तीवर ‘आयएसओ १०४८७’ने स्टिरिओच्या मागचे प्लग ठरवून दिले : एका प्लगमध्ये वीजपुरवठा, दुसऱ्यात स्पीकरच्या तारा. त्यामुळे गाडी एका कंपनीची आणि स्टिरिओ दुसऱ्या कंपनीचा असला तरी बहुतांश वेळा तार न कापता जोडणी होऊ शकते. काही वाहन कंपन्यांनी आपले वेगळे प्लग वापरले. त्यांच्यासाठी जोडतारा तयार मिळू लागल्या. जुन्या गाडीचे ‘नवे कान’ या मोकळेपणावर उभे आहेत.

१०/ भारतात या मोकळेपणाला विशेष अर्थ होता. १९८० आणि १९९० च्या दशकांत कित्येक गाड्या शोरूममधून स्टिरिओविनाच बाहेर पडत. मालक तो बाहेरून बसवून घेई. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, इलेक्ट्रॉनिक्सची पंढरी ठरला. ‘गाडीचा टेप’ ही मालकाने स्वतः निवडलेली, हौसेने मिरवलेली वस्तू होती.

११/ आता दुसरा प्रवाह : दूरध्वनी. तो खिशात येण्याआधी गाडीत आला. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतील सेंट लुइस येथे बेल कंपनीची मोटार-टेलिफोन सेवा सुरू झाली. उपकरणाचे वजन सुमारे ३६ किलो होते. हातात धरता येणाऱ्या मोबाइलवरून पहिला कॉल ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कमध्ये मार्टिन कूपर यांनी केला. ते अभियंते कोणाचे? मोटोरोलाचे. गाडीत रेडिओ रुजवणाऱ्या कंपनीनेच फोन गाडीबाहेर काढला.

१२/ हे दोन प्रवाह प्रथम एका साध्या तारेवर भेटले. कारफोनच्या काळात अनेक स्टिरिओंच्या मागे ‘फोन म्यूट’ नावाची एक जास्तीची तार असे. कॉल आला की फोनचा संच त्या तारेद्वारे स्टिरिओला गप्प करी. पुढे ब्लूटूथच्या हँड्स-फ्री संचांनी याच विसरल्या गेलेल्या तारेचा उपयोग करून घेतला.

१३/ दरम्यान सीडी आली, खिशातले प्लेअर आले आणि गाडीत मात्र कॅसेटचाच टेप राहिला. येथून बहुरूप्यांचे पर्व सुरू होते. पहिला बहुरूपी म्हणजे १९८० च्या दशकातला कॅसेट ॲडॉप्टर. आकार कॅसेटचा, पण आत फीत नाही. त्यातील छोटे चुंबकीय हेड टेपच्या हेडला चिकटून उभे राहते आणि प्लेअरमधला विद्युत संकेत चुंबकीय क्षेत्रात बदलते. टेपला वाटते, फीत फिरते आहे.

१४/ दुसरा बहुरूपी एफएम ट्रान्समीटर. तो स्वतः एक इवलेसे रेडिओ केंद्र बनतो. रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर गाणे सोडतो आणि स्टिरिओ ते पकडतो. ब्रिटनमध्ये अशी उपकरणे डिसेंबर २००६ पर्यंत बेकायदा होती. नंतर ५० नॅनोवॉटच्या मर्यादेत परवानगी मिळाली. त्याची दुखरी नस म्हणजे गर्दीचे शहर. मोकळ्या माळावर स्वच्छ वाजणारे गाणे मुंबई-पुण्याच्या हद्दीत शिरताच बलाढ्य केंद्राखाली दबून जाते.

१५/ तिसरा बहुरूपी सर्वांत चतुर. १९९० च्या दशकात अनेक गाड्यांच्या डिकीत सहा किंवा अधिक डिस्कचा सीडी चेंजर असे आणि स्टिरिओच्या मागे त्यासाठी प्लग असे. या प्लगमध्ये बसणारे छोटे मॉड्यूल स्टिरिओशी चेंजरच्याच भाषेत बोलते : ‘डिस्क आहे, गाणे सुरू आहे.’ स्टिरिओ निर्धास्तपणे तो मार्ग उघडतो आणि त्यातून फोनमधले संगीत आत येते.

१६/ सोंग न घेता येणारा पाहुणा म्हणजे ऑक्स : ३.५ मिलिमीटरचे साधे भोक. त्यात छोटा ब्लूटूथ रिसीव्हर खोचला की काम झाले. तरीही एक जुना शत्रू परत भेटतो. रिसीव्हरची वीज आणि आवाजाची तार दोन वेगवेगळ्या वाटांनी गाडीच्या अर्थिंगला मिळाल्या, की इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शीळ स्पीकरमधून ऐकू येते. १९३० मध्ये स्पार्क प्लग होता, आता अल्टरनेटर. ग्राउंड लूप आयसोलेटर हा त्यावरचा उतारा.

१७/ आणि ब्लूटूथ? त्याचा जन्म स्वीडनमधील लुंड शहरात, एरिक्सन कंपनीत झाला. १९९४ मध्ये डच अभियंते याप हार्टसेन यांनी तेथे कमी पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओ जोडणीवर काम सुरू केले. स्वेन मॅटिसन हे त्यांचे सहकारी. उद्देश विनम्र होता : दोन उपकरणांमधली तार नाहीशी करणे.

१८/ त्यासाठी निवडलेला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सर्वांना खुला, म्हणून गर्दीचा. उपाय : एका जागी थांबायचेच नाही. मूळ ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारते. उड्या मारत संदेश पाठवण्याची एक योजना अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी पाणतीराच्या नियंत्रणासाठी मांडली होती; १९४२ च्या त्यांच्या पेटंटमध्ये ८८ फ्रिक्वेन्सींचा उल्लेख आहे. ब्लूटूथ त्या पेटंटचे थेट अपत्य नव्हे, पण कल्पनेचे कूळ एकच.

१९/ नावाची गोष्ट १९९७ ची. इंटेलचे जिम कार्डाक त्या सुमारास व्हायकिंगांच्या इतिहासाविषयी वाचत होते. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हाराल्ड ‘ब्लूटूथ’ याने विखुरलेल्या जमाती एकत्र आणल्या. तसेच संगणक आणि फोन उद्योगांना एकत्र आणायचे होते. नाव तात्पुरते होते. पर्यायी नावे वेळेत पक्की झाली नाहीत आणि तात्पुरतेच कायमचे झाले. बोधचिन्हात राजाच्या आद्याक्षरांच्या दोन रून लिपीतील खुणा एकमेकींत गुंफल्या आहेत.

२०/ १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून ब्लूटूथचा गट जाहीर केला. पण गाडीसाठी केवळ जोडणी पुरेशी नव्हती. दोन्ही बाजूंनी एकच भाषा बोलायला हवी होती. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात दोन ‘प्रोफाइल’ रूढ झाले : संगीतासाठी ‘ए-टू-डी-पी’ आणि कॉलसाठी ‘एच-एफ-पी’.

२१/ एका जुन्या कोड्याचे उत्तर येथे आहे. त्याच गाडीत, त्याच स्पीकरवर गाणे भरदार वाजते आणि कॉल मात्र डब्यातून आल्यासारखा का वाटतो? संगीत एकाच दिशेने जाते. थोडे उशिरा पोहोचले तरी चालते. संभाषण दुतर्फा आणि तत्काळ हवे, म्हणून त्यासाठी ६४ किलोबिटची अरुंद वाट राखून ठेवली गेली. २०११ च्या ‘एच-एफ-पी १.६’ने रुंद ध्वनीची सोय केली. पण फोन आणि संच दोघांनाही ती येत असेल तरच तिचा लाभ मिळतो.

२२/ हँड्स-फ्रीचे अवघड काम स्पीकरचे नसून मायक्रोफोनचे आहे. समोरच्याचा आवाज स्पीकरमधून निघतो, मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि त्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. तो वजा करण्यासाठी संचात स्वतंत्र गणित चालते. म्हणूनच जाणकार कारागीर मायक्रोफोन चालकाच्या तोंडाजवळ, सन व्हायझरपाशी किंवा आरशालगत लावतो आणि एसीच्या झोतापासून दूर ठेवतो.

२३/ २००० च्या दशकात फ्रान्सच्या ‘पॅरट’सारख्या कंपन्यांनी हे सारे एका पेटीत आणले. पेटी स्टिरिओ आणि गाडीच्या तारांच्या मधोमध, आयएसओ प्लगांमध्ये बसे. कॉल येताच ती फोन-म्यूटने संगीत थांबवी आणि गाडीच्याच स्पीकरवर संभाषण ऐकवी. मूळ स्टिरिओ जागचा हलत नसे. दुसरा मार्ग अर्थात सरळ होता : जुना संच काढून त्याच १८० बाय ५० च्या खाचात ब्लूटूथचा नवा संच सरकवणे.

२४/ या संचांच्या मागणीला कायद्यानेही बळ दिले. न्यूयॉर्क राज्याने नोव्हेंबर २००१ पासून, तर ब्रिटनने १ डिसेंबर २००३ पासून गाडी चालवताना फोन हातात धरण्यास मनाई केली. भारतात मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ मध्ये हातात धरलेल्या संपर्क उपकरणाचा वापर हा धोकादायक वाहनचालनाचा प्रकार म्हणून स्पष्टपणे नोंदवला.

२५/ पण कायदा हाताविषयी बोलत होता, विज्ञान मनाविषयी. १९९७ मध्ये रेडेलमायर आणि टिबशिरानी यांचा टोरँटो येथील ६९९ चालकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फोनवर बोलण्याच्या काळात अपघाताची जोखीम सुमारे चौपट आढळली आणि हँड्स-फ्री फोन अधिक सुरक्षित असल्याचे दिसले नाही. हात मोकळे झाले, तरी लक्ष अडकलेलेच राहिले. १९३० च्या दशकातल्या वादात तथ्याचा अंश होता. फक्त तो संगीतापेक्षा संभाषणाला अधिक लागू पडला.

२६/ म्हणून जुन्या गाडीत ब्लूटूथ बसवणे म्हणजे अमर्याद बोलण्याचा परवाना नव्हे. फोन शोधण्यासाठी नजर रस्त्यावरून हटणे टळते, हा त्याचा खरा लाभ. लांबलेले बोलणे गाडी बाजूला घेऊन करणे, हा शहाणपणा कोणत्याही संचात बसवून मिळत नाही.

२७/ आज चित्र बदलते आहे. नव्या गाड्यांत मोठा पडदा असतो, त्यातच एसी, कॅमेरा आणि गाडीची मांडणी गुंफलेली असते. तो प्रमाणित खाचा जवळपास लुप्त झाला आहे. विसाव्या शतकातील गाडीचे कान बदलता आले, कारण कोणीतरी माप ठरवून जागा मोकळी ठेवली होती. आजचा पडदा पंधरा वर्षांनी जुना झाला, की गाडीच्या मालकाकडे त्याच्या जागी दुसरा बसवण्याची सोय उरेल का?

२८/ ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाबद्दल आपण बोलतो. यंत्रांच्या जतनाची भाषा अजून रुळलेली नाही. १९३० चा कडकडाट, बिनफितीची कॅसेट, चेंजरचे सोंग घेणारे मॉड्यूल आणि व्हायकिंग राजाचे नाव, हे सारे आज एखाद्या जुन्या मारुतीच्या डॅशबोर्डमागे, तारांच्या गुंत्यात शेजारी शेजारी नांदते आहे. (समाप्त)