वाड्यातलं बिऱ्हाड आणि स्वतंत्र घर : कंटेनर व व्हर्च्युअल मशीनची कुळकथा

मंडळी, नाशिकच्या जुन्या वाड्यांत राहिलेले काही जण आज इथे असतीलच. एक दिंडी दरवाजा, एक आड आणि आत पाच-सहा बिऱ्हाडं. चूल ज्याची त्याची. पण आडाचं पाणी नासलं की सगळ्यांचंच नासलं. लिनक्सचा कंटेनर हे असं बिऱ्हाड. प्रोग्रॅम वेगळे, फाइली वेगळ्या, खालचा कर्नल मात्र एकच. व्हर्च्युअल मशीन म्हणजे त्याच प्लॉटवर भिंत घालून बांधलेलं रो-हाऊस. बोअर आपली, टाकी आपली, म्हणजे कर्नलसुद्धा आपला. खर्च अर्थात जास्त.

यातलं काय निवडायचं, हा प्रश्न हल्लीचा वाटतो. पण मागे जाऊन बघितलं तर आम्हांला पुन:पुन्हा एकच विचारणा दिसते : शेजारी कोण?

आधी रो-हाऊस आलं. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० जाहीर केलं. त्याची बीजं १९६० च्या दशकातली. मशीन प्रचंड महाग, आणि प्रत्येकाला स्वतःचं हवं! बिऱ्हाडाची गोष्ट १९७९ पासून, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतल्या ‘सीएचरूट’पासून धरतात. त्याने फाइलींपुढे नुसता पडदा टांगला. भिंत घातली ती २००० मध्ये फ्रीबीएसडीच्या ‘जेल’ने, आणि तीही एका होस्टिंगवाल्याच्या गरजेतून. एका मशीनवर अनेक गिऱ्हाइकं, कुणी कुणाच्या घरात डोकावू नये.

लिनक्सच्या कथेत आपल्याकडची माणसंही आहेत. हे फारसं सांगितलं जात नाही, म्हणून आम्ही मुद्दाम सांगतो. ‘सीग्रुप्स’चं काम २००६ मध्ये गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी सुरू केलं. पण एकाच बिऱ्हाडाने सगळी मेमरी खाल्ली तर? तिला मर्यादा घालणारा मेमरी कंट्रोलर २००८ मध्ये २.६.२५ या कर्नलमध्ये आला. त्या कोडच्या माथ्यावर आयबीएमचे बलबीर सिंग आणि ओपनव्हीझेडचे पावेल एमेल्यानोव्ह यांची नावं आहेत. २०१३ मध्ये आलेलं डॉकर याच पायावर उभं राहिलं.

पुढच्या वर्षी गूगलने सांगितलं, की आम्ही आठवड्याला दोन अब्जांहून जास्त कंटेनर सुरू करतो. झालं! व्हर्च्युअल मशीन संपलं, असं बऱ्याच जणांनी धरलं. पण गूगलचं बरंचसं काम स्वतःचंच, म्हणजे वाड्यात घरचीच माणसं. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘रनसी’तला दोष उघड झाला : दुष्ट कंटेनर थेट यजमान मशीनचा रूट ताबा घेऊ शकत होता. आता, रो-हाऊसच्या भिंतीलाही भोकं पडतात, हं. २०१५ चा ‘व्हेनम’ दोष तर फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये होता. फ्लॉपी! तरी त्या भिंतीत फोडायला जागा कमी. म्हणूनच ॲमेझॉनने अनोळखी गिऱ्हाइकांचा कोड चालवायला २०१८ मध्ये ‘फायरक्रॅकर’ आणलं : सुमारे सव्वाशे मिलिसेकंदांत उठणारं चिमुकलं व्हर्च्युअल मशीन.

सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यात एखादाच सर्व्हर असतो. त्यांनी काय करावं? हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरचं असेल तर चर्चाच नको, लिनक्सच्या कर्नलवर ते बिऱ्हाड थाटणार नाही. त्याला व्हर्च्युअल मशीनच लागेल. आपली वेबसाइट, आपला डेटाबेस, आपलेच प्रोग्रॅम असतील तर खुशाल कंटेनर. बाहेरच्या कुणाचा प्रोग्रॅम त्याच सर्व्हरवर चालवायची वेळ आली, तर त्याला वेगळं व्हर्च्युअल मशीन द्या. थोडी मेमरी जास्त जाईल, जाऊ द्या.