'जग काय म्हणालं?' असं लिहिण्याआधी : लिटल रॉक, १९५७

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : जागतिक जनमताच्या दबावामुळे आयझेनहॉवर यांना लिटल रॉकमध्ये सैन्य पाठवावं लागलं. गाईडनी 'जागतिक' या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि समासात विचारलं, 'म्हणजे कोण?' मला उत्तर देता आलं नाही. सगळं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून ही पोस्ट.

आधी घटना बघू. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारी शाळांतलं वांशिक विभाजन घटनाबाह्य ठरवलं. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकची नऊ कृष्णवर्णीय मुलं सेंट्रल हायस्कूलमध्ये जायला निघाली, तेव्हा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी त्यांना अडवायला नॅशनल गार्डचे जवान उभे केले. पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफोर्ड एकटी चालली आहे आणि मागे गोरा जमाव ओरडतो आहे, हा फोटो जगभर गेला. २४ सप्टेंबरला आयझेनहॉवर यांनी १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक पाठवले. त्या रात्रीच्या भाषणात कायद्याच्या राज्याबरोबरच देशाची जगातली पत आणि खूश होणारे शत्रू, हे दोन्ही मुद्दे आले.

म्हणजे परदेशी टीका वॉशिंग्टनला टोचत होती, हे खरं. पण सैन्य केवळ तिच्यामुळे आलं का? न्यायालयाचा आदेश धुडकावला जात होता, आणि शहराच्या महापौरांनीच मदत मागितली होती. माझ्या वाक्यात हे दोन्ही गायब होतं.

आता कात्रणांकडे या. प्रत्येक कात्रणाला तीन प्रश्न विचारा.

पहिला : लिहिणाऱ्याला त्यातून काय हवं होतं? सोव्हिएत वृत्तपत्रांनी लिटल रॉक उचलून धरलं, कारण आदल्याच वर्षी त्यांच्या रणगाड्यांनी हंगेरीतला उठाव चिरडला होता आणि त्यावरून लक्ष हटायला हवं होतं. पण प्रचार आहे म्हणून बातमी खोटी ठरत नाही. जमाव खराच होता. हेतू आणि तथ्य वेगवेगळे तपासा. भारतीय अग्रलेख वाचताना १९५५ आठवा : भारताचे राजदूत गगनविहारी मेहता यांना ह्यूस्टन विमानतळावरच्या भोजनगृहात वेगळं बसायला सांगितलं होतं आणि परराष्ट्रमंत्री डलेस यांना माफी मागावी लागली होती. आणि हेही विचारा, की अमेरिकेतल्या वर्णभेदावर लिहिणारा तो संपादक आपल्या गावातल्या पाणवठ्याबद्दल काय लिहीत होता?

दुसरा : कात्रण कुणी कापलं? परदेशी प्रतिक्रियांचे अहवाल अमेरिकी सरकारी यंत्रणाच तयार करायची. मी त्यांनाच 'जग' समजत होतो. प्रत्यक्षात ती अधिकाऱ्यांनी निवडलेली, बऱ्याचदा अनुवादित वाक्यं होती. शक्य असेल तिथे मूळ अंक काढून बघा.

तिसरा : आवाज कधी थांबला? हा प्रश्न मला मेरी डुडझियाक यांच्या 'कोल्ड वॉर सिव्हिल राइट्स' या पुस्तकामुळे सुचला. सरकारचं लक्ष प्रतिमेवर असेल, तर प्रतिमा सावरली की घाई संपते, असं त्या दाखवतात. मे १९५८ मध्ये त्या नऊ जणांपैकी अर्नेस्ट ग्रीन पदवीधर झाला. त्यानंतरच्या शैक्षणिक वर्षात फॉबस यांनी शहरातली सरकारी हायस्कूलंच बंद ठेवली. काळ्या-गोऱ्या हजारो मुलांना या शाळांची दारं वर्षभर बंद राहिली. बंद दारासमोर जमाव नसतो, त्यामुळे तसा फोटोही नसतो.

माझं वाक्य आता असं आहे : 'परदेशी टीकेची भीती हे सैन्य पाठवण्यामागच्या कारणांपैकी एक होतं.' पहिल्यापेक्षा फिकं वाटतं, मान्य. पण व्हायव्हात 'म्हणजे कोण?' असं विचारलं, तर आता नावं, तारखा आणि अंक पुढे ठेवता येतील. तुमच्या मसुद्यात 'जागतिक' हा शब्द किती वेळा आलाय, एकदा मोजून बघा.